सायकल रस्त्यावर येते

सायकल चालविता येणे आणि सायकल घेऊन मोठ्या शहराच्या रस्त्याने जाता येणे, या दोन निराळ्या विद्या आहेत. पहिली विद्या मैदानात थोड्या दिवसांत साधते. मागून कोणीतरी सीट धरून धावत असते, त्याने हात केव्हा सोडला हे शिकणाऱ्याला कळतही नाही, आणि दोन-चार वेळा गुडघे फुटले की तोल आपोआप सावरू लागतो. दुसरी विद्या मैदानात मिळत नाही आणि तिला गुरूही सहसा मिळत नाही. मैदानात हात सोडून सायकल चालविणारा मुलगा हमरस्त्याच्या तोंडाशी येऊन थबकतो, एकामागून एक जाणाऱ्या बसगाड्या, रिक्षा आणि दुचाक्या पाहतो आणि सायकल हाती धरून मुकाट्याने घरी परततो. त्याला भित्रा म्हणणे योग्य नव्हे. त्याला वाटणारे भय पुष्कळसे खरे असते. भय नेमके कशाचे धरावे आणि कशाचे धरू नये, एवढेच त्याला ठाऊक नसते.

पुणे शहराला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, आणि ते म्हणणे केवळ अलंकारिक नव्हते. पेठांतील अंतरे थोडी, जमीन बरीचशी सपाट आणि हवा सौम्य. त्यामुळे हे वाहन त्या शहराला मानवले. महाविद्यालयांतील विद्यार्थी, त्यांचे शिक्षक, कचेऱ्यांतील कारकून, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारी मुले, खडकीच्या कारखान्यांतील कामगार, या सर्वांचे वाहन एकच असे. सायकलीला पत्र्याचा बिल्ला लावावा लागे, अंधार पडल्यावर दिवा लावावा लागे, आणि एका सायकलीवर दोघे बसलेले दिसले की पोलीस हटकीत. ज्यांना स्वतःची सायकल घेणे परवडत नसे, त्यांना तासाच्या भाड्याने ती देणारी दुकाने ठिकठिकाणी होती. पुढे स्कूटर आणि मोपेड आल्या, शहर टेकड्यांच्या पलीकडे पसरले, अंतरे वाढली आणि सायकली मागे पडल्या. २०१७ साली पुणे महानगरपालिकेने शहरासाठी एक सायकल आराखडा मंजूर केला. काही रस्त्यांच्या कडेने सायकलींसाठी स्वतंत्र मार्गही आखण्यात आले आहेत. पण ते सर्वत्र सलग नाहीत. एखादा मार्ग चौकापाशी अचानक संपतो, एखाद्यावर दुचाक्या उभ्या करून ठेवलेल्या असतात. तेव्हा सायकलस्वाराला आज ना उद्या सर्वांच्या रस्त्यावर उतरावेच लागते.

सायकली थोड्या झाल्या, याचा एक परिणाम सहजी ध्यानात येत नाही. २००३ साली पीटर जेकबसन या अमेरिकन अभ्यासकाने निरनिराळ्या देशांतील आणि शहरांतील आकडे ताडून पाहिले. जेथे सायकलस्वार अधिक, तेथे त्यांतील प्रत्येकाला असणारा धोका कमी, असे त्याला आढळले. याचे एक कारण असे सांगता येईल, की माणसाचा डोळा ज्याची अपेक्षा करतो तेच त्याला लवकर दिसते. ज्या रस्त्यावर शेकडो सायकली जात, त्या रस्त्यावरील मोटारचालक सायकल असणारच असे धरून चाले. आज त्याची नजर दुसऱ्या मोटारीला शोधीत असते. एकटी सायकल त्याला दिसूनही न दिसल्यासारखी होते. म्हणून पूर्वीच्या सायकलस्वाराला जे आयते मिळत होते, ते आजच्या नवशिक्याला स्वतःच्या वागण्याने मिळवावे लागते.

जुन्नर तालुक्यातील एका खेड्यातून कोथरुडात राहावयास आलेल्या, आठवीत शिकणाऱ्या एका मुलीचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. गावी ती बांधावरून आणि ओढ्याच्या पायवाटेने सायकल पळवीत असे. पुण्यात तिची शाळा डेक्कन जिमखान्याच्या परिसरात. अंतर जेमतेम चार किलोमीटर, म्हणजे सायकलीने पाऊण तासाच्याही आतले. पण वाटेत कर्वे रस्ता आहे. ज्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव या रस्त्याला दिले आहे, ते १९०० साली हिंगण्याच्या माळावर आश्रम नेल्यानंतर पुण्याहून तेथवर पायी ये-जा करीत असत. त्या वेळी तेथे वर्दळ नव्हती. आता रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे आहेत आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी वाहनांची रांग तुटत नाही. म्हणून वडील मुलीला स्कूटरवरून शाळेत सोडीत आणि कामावरून सुटले की आणावयास जात. त्यांना उशीर झाला म्हणजे ती शाळेच्या फाटकाशी एकटी बसून राही. वाचनालयात जावयाचे, मैत्रिणीकडे जावयाचे, खेळासाठी थांबावयाचे, तर प्रत्येक गोष्ट वडिलांच्या सवडीवर अवलंबून. सायकल जिन्याखाली धूळ खात होती.

जून महिन्यात तिने हट्टाने सायकल बाहेर काढली. तिसऱ्याच दिवशी रस्त्याच्या कडेने जात असता उभ्या असलेल्या एका मोटारीचे दार एकाएकी उघडले आणि ती दारावर आदळून पडली. सुदैवाने मागून वाहन येत नव्हते. कोपर खरचटले, हँडल वाकडे झाले, आणि त्याहून अधिक म्हणजे मनाने कच खाल्ली. सायकल पुन्हा जिन्याखाली गेली.

या मुलीचे काय चुकले? ती जपून चालवीत होती. वाहनांपासून जितके दूर राहावे तितके बरे, असे समजून ती डाव्या कडेला अगदी चिकटून जात होती. बहुतेक नवशिके असेच करतात आणि त्यांना कोणी दोषही देत नाही. परंतु कडेला चिकटणे ही सावधगिरी वाटली तरी ती फसवी आहे. रस्त्याच्या अगदी कडेला गटारांच्या जाळ्या असतात, वाळू आणि काचा साचतात, डांबराची कड खचलेली असते. उभ्या वाहनांची दारे तेथेच उघडतात; दोन वाहनांमधून माणसे तेथेच एकदम बाहेर पडतात. शिवाय कडेने जाणारी सायकल उभ्या वाहनांच्या आड पुनःपुन्हा शिरते आणि पुन्हा बाहेर येते, त्यामुळे मागील वाहनाला ती एकाएकी उगवल्यासारखी भासते. आणखी एक गोष्ट अशी, की सायकलस्वाराने स्वतःसाठी जागा ठेवली नाही, तर मागचे वाहन उरलेल्या अरुंद फटीतून पुढे दामटण्याचा प्रयत्न करते.

भयाचा दुसरा परिणाम वेगावर होतो. मनात भीती शिरली की पाय मंदावतात. आणि सायकलीचा स्वभाव असा आहे, की वेग फार मंदावला म्हणजे ती डुगडुगू लागते. चालती सायकल एका बाजूला कलली की स्वार नकळत हँडल त्याच बाजूला किंचित वळवितो, चाके त्याच्या भाराखाली येतात आणि तोल सावरतो. हे सावरणे वेगात सहज होते. सायकल जवळजवळ थांबली असता त्यासाठी हँडल बरेच फिरवावे लागते. म्हणजे भीतीने वेग कमी होतो, वेग कमी झाल्याने सायकल हेलकावते आणि हेलकाव्याने भीती वाढते. या फेऱ्यातून केवळ ‘भिऊ नकोस’ असे सांगून कोणाची सुटका झाल्याचे ऐकिवात नाही.

मुलीचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, जन्माचे पुणेकर. त्यांनी उभी हयात नारायण पेठेतून खडकीच्या कारखान्यात सायकलीने ये-जा केली होती. त्यांनी उपदेश केला नाही. प्रथम त्यांनी सायकलीची सीट चार बोटे खाली घेतली.

“एवढ्याने काय होणार, आजोबा?” मुलीने विचारले.

“बसल्या जागी दोन्ही पाय टेकतात का बघ,” ते म्हणाले. “पाय टेकले की अर्धी भीती जाते. उरलेल्या अर्धीचं मग पाहू.”

आजोबांच्या या बोलण्याला सायकलीच्या इतिहासाचाही आधार आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात जी सायकल प्रचारात आली होती, तिचे पुढचे चाक पुरुषभर उंचीचे असे आणि स्वार त्यावर बसे. एखादा दगड आडवा आला की तो सरळ डोक्यावर पडे. १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली याने बेताच्या उंचीच्या चाकांची आणि मागील चाकाला साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ सायकल केली. या धाटणीच्या सायकलीला लोक ‘सुरक्षित सायकल’ म्हणू लागले. कारण स्वाराचे पाय आता जमिनीच्या जवळ आले होते. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर केले आणि दगडधोंड्यांचे हादरेही कमी झाले. स्त्रिया आणि वृद्ध माणसे सायकलीकडे वळली ती यानंतर. रशियातील थोर लेखक टॉलस्टॉय १८९५ साली मॉस्कोत सायकल शिकला, तेव्हा त्याचे वय ६६ वर्षांचे होते. सराव झाल्यानंतर सीट पुन्हा वर घ्यावी हे खरे. सीट फार खाली असेल तर गुडघ्यांवर ताण येतो आणि चढ चढवत नाही. पण पहिले काही आठवडे धीर अधिक महत्त्वाचा.

त्यानंतर आजोबांनी ब्रेक तपासले. आपल्याकडील बहुतेक सायकलींत उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डाव्या हाताचा मागच्या चाकाचा असतो. तरी प्रत्येकाने आपल्या सायकलीचा पाहून ठेवावा. ब्रेक लावला असता शरीराचा भार पुढे ढकलला जातो, म्हणून पुढच्या चाकाची पकड वाढते आणि मागच्याची घटते. एकटा मागचा ब्रेक दाबला तर चाक घसरत जाते व सायकल उशिरा थांबते. एकटा पुढचा ब्रेक जोराने आवळला तर मागचे चाक उचलले जाण्याची भीती. दोन्ही ब्रेक एकदम, पण टप्प्याटप्प्याने दाबावेत. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे चार मीटर पुढे जाते. पुढे काही आडवे आले हे डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत जवळजवळ एवढा वेळ जातोच. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच चार मीटर संपलेले असतात. पुढील वाहनापासून अंतर ठेवावे, या वाक्याचा अर्थ हा असा आहे.

नंतरचे तीन रविवार पहाटेचे दोन तास त्यांनी शिकवणीसाठी राखून ठेवले. रविवारी सकाळी सहा वाजता कर्वे रस्ता वेगळाच असतो. तोच चौक, तेच वळण, पण वाहने मोजकी. त्यामुळे मनाला विचार करावयास सवड मिळते. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्षांत मुलांची वाहतुकीची परीक्षा घेतात, आणि अनेक ठिकाणी त्यांना खऱ्या रस्त्यावर सायकल चालवून दाखवावी लागते. आपल्याकडे अशी परीक्षा नाही. ज्याला घरी कोणी जाणते माणूस आहे तो शिकतो आणि ज्याला नाही तो पडून शिकतो. ही गोष्ट काही अभिमानाने सांगण्यासारखी नव्हे.

आजोबांनी शिकविलेली पहिली गोष्ट म्हणजे मागे पाहणे. हे वाटते तितके सोपे नाही. उजव्या खांद्यावरून मान वळविली की खांद्याबरोबर हात ओढला जातो, हातामागून हँडल, आणि सायकल उजवीकडे, म्हणजे नेमकी जेथून वाहने येतात तिकडे झुकते. म्हणून हा अभ्यास आधी मैदानात करावा लागतो. जमिनीवर चुन्याची एक रेघ ओढावी, तिच्यावरून सायकल न्यावी, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाने किती बोटे वर केली आहेत हे मान वळवून ओळखावे. रेघ न सोडता बोटे अचूक सांगता येऊ लागली, म्हणजे तो मनुष्य रस्त्यावर जावयास योग्य झाला. मुलीला यासाठी दोन सकाळी लागल्या. त्यानंतर एका हाताने हँडल धरून दुसऱ्याने खूण करणे. उजवीकडे वळावयाचे तर उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर, डावीकडे वळावयाचे तर डावा हात. अर्धवट, कोपरात मुडपलेला, लाजऱ्यासारखा हात कोणालाच दिसत नाही.

मागे पाहण्याचा उपयोग केवळ येणारे वाहन दिसावे एवढाच नाही. सायकलस्वाराने मान वळविली की मागील चालकाला चेहरा दिसतो, आणि हा मनुष्य आता काहीतरी करणार आहे हे त्याला हात वर होण्यापूर्वीच कळते. रस्त्यावरील बहुतेक घोटाळे दुसरा काय करणार हे न कळल्यामुळे होतात. रिक्षा प्रवासी दिसताच एकदम कडेला वळते, म्हणून तिच्याविषयी सर्वांच्या मनात धास्ती असते. सायकलस्वाराने तशी धास्ती निर्माण करू नये. तो सरळ रेषेत चालला, वळण्यापूर्वी पाहिले, खूण केली आणि मग वळला, तर मोठी वाहनेही त्याला वाट देतात. निदान पुष्कळशी देतात. ज्याला आपण धीट म्हणतो, तो सायकलस्वार पुष्कळदा धाडसी नसतोच. तो फक्त इतरांना कोड्यात टाकीत नाही.

रस्त्याच्या कडेपासून किती अंतर राखावे, हा प्रश्न आजोबांनी एका वाक्यात सोडविला. “कडेला चिकटलीस की लोक तुला रस्त्यावरची धरीतच नाहीत. कडेपासून दोन हात सोडून चाल.” दोन हात म्हणजे जवळजवळ एक मीटर. उभ्या मोटारी असतील तेथे त्यांच्या उघड्या दाराच्या पलीकडून जाता यावे इतके अंतर हवे, म्हणजे मीटरभराहूनही थोडे अधिक. पुढे रस्ता मोकळा दिसला तरी दोन उभ्या मोटारींच्या मधल्या फटीत शिरू नये, सरळच जावे. हे करताना मागून कर्णे वाजतात, आणि नवशिक्याच्या मनाची खरी कसोटी येथे लागते. कर्ण्याचा आवाज म्हणजे नेहमी राग नसतो. मी मागे आहे, एवढेच पुष्कळांना सांगावयाचे असते. आणि कोणी रागावला तरी त्याने सायकलस्वाराला पाहिले आहे हे तर सिद्ध झाले! न वाजविणाऱ्यापेक्षा वाजविणारा बरा.

एका बाबतीत मात्र आजोबांनी जराही सूट दिली नाही. बसच्या किंवा मालमोटारीच्या डाव्या अंगाने पुढे जावयाचे नाही. ती थांब्यावर उभी असो वा चौकात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मैदानातल्या ओल्या मातीवरून सायकल हळूहळू वळवावी आणि मागे उमटलेल्या खुणा पाहाव्यात. मागच्या चाकाची रेघ पुढच्या चाकाच्या रेघेच्या आतून गेलेली दिसते. सायकलीच्या दोन चाकांत अंतर थोडे, म्हणून हा फरक वीतभराचा असतो. बसच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत कित्येक मीटर अंतर असते, त्यामुळे तिची मागची चाके वळताना कोपऱ्याच्या पुष्कळ आत येतात. बसचे तोंड रस्त्याच्या मध्यावर दिसते आणि डाव्या अंगाला मोकळी जागा आहे असे वाटते. पण ती जागा क्षणात मिटते. त्या जागेतला सायकलस्वार चालकाला आरशातही दिसेल याची खात्री नसते. मुलीने आपल्याच सायकलीच्या खुणा मातीत पाहिल्या आणि या नियमाविषयी पुन्हा प्रश्न विचारला नाही.

उलट दिशेने जाण्याचा मोह पुण्यासारख्या, एकदिशा रस्त्यांच्या शहरात फार होतो. शिवाजी रस्त्याने एकीकडे जावयाचे आणि बाजीराव रस्त्याने परत यावयाचे, अशी तेथील रचना. वळसा टाळण्यासाठी सायकलस्वार सरळ उलटे शिरतात. समोरून येणारी वाहने आपल्याला दिसतात, म्हणून हे सुरक्षित आहे, असेही काही जण सांगतात. येथे साधे गणित करावे. ताशी ४० किलोमीटर वेगाची दुचाकी समोरून आली आणि सायकल १५ च्या वेगाने चालली असली, तर दोघांमधील अंतर ५५ च्या वेगाने मिटते. तीच दुचाकी मागून आली असती तर २५ च्या वेगाने. शिवाय गल्लीतून बाहेर पडणारा चालक एकदिशा रस्त्यावर ज्या बाजूने वाहने येतात तिकडेच पाहतो. उलट बाजूने येणारी सायकल त्याच्या हिशेबातच नसते.

वाटेची निवड हाही शिक्षणाचाच भाग आहे. मोटारीची वाट आणि सायकलीची वाट एकच असली पाहिजे, असा नियम नाही. मुलीने कर्वे रस्त्याने थेट डेक्कनपर्यंत जाण्याऐवजी नळ स्टॉपपाशी डावीकडे लॉ कॉलेज रस्त्याला वळावे आणि पुढे प्रभात रस्त्याच्या, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सावलीच्या गल्ल्यांतून शाळेकडे जावे, असे ठरले. अंतर थोडे वाढले; पण कठीण भाग निम्म्यावर आला.

जाताना नळ स्टॉपला डावीकडे वळावयाचे, ते सोपे होते. परतताना मात्र कर्वे रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला लागावे लागे. पहिल्या दिवशी त्या चौकात ती पुष्कळ वेळ उभी राहिली. वाहनांच्या लोंढ्यातून उजवीकडे वळण्याचा धीर तिला होईना, आणि उतरून चालावे तर कोणी हसेल असे वाटे. ही लाज निष्कारण होय. कोपनहेगन हे आज सायकलींचे मोठे शहर समजले जाते. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, म्हणून डावे वळण अवघड. आणि त्या वळणासाठी सायकलस्वाराने चौकाच्या मधून तिरपे जावयाचे नाही, आधी सरळ पलीकडे जाऊन, तेथे थांबून, मग दुसऱ्या टप्प्यात वळावयाचे, असा नियमच आहे. जेथे दिवसभर सायकली चालतात तेथील लोकांना जे कमीपणाचे वाटत नाही, ते पुण्यातल्या एका शाळकरी मुलीने कमीपणाचे का मानावे? ती उतरली, पादचाऱ्यांबरोबर हँडल धरून पट्ट्यांवरून चालत गेली आणि पलीकडे पुन्हा सायकलीवर बसली. सर्व मिळून दोन मिनिटे लागली.

जुलैत पाऊस जोराचा सुरू झाला. पहिल्या सरींनी रस्त्यावरचे तेल आणि धूळ एकत्र होऊन डांबर निसरडे होते. रंगविलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे तर पुढेही पावसाळाभर निसरडीच राहतात. त्यांच्यावर ब्रेक लावू नये, वळूही नये. सरळ ओलांडून जावे. ओल्या कडीवर ब्रेकचे रबर लगेच पकड घेत नाही, आधी पाणी पुसले जावे लागते, म्हणून ब्रेक नेहमीपेक्षा लवकर दाबावयास सुरुवात करावी. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की नाही हे कळत नसेल, तर तो आहे असेच समजावे. अंधारून आले की दिवा हवा, पुढे पांढरा आणि मागे लाल. सायकलस्वाराला स्वतःला रस्ता दिसतो म्हणून तो इतरांनाही दिसतो, हा एक सार्वत्रिक भ्रम आहे. शिरस्त्राणाची सक्ती नसली तरी ते घालावे. डोके हा काही अनुभव घेऊन पाहण्याचा अवयव नव्हे.

दोन महिने उलटले तशी मुलगी निर्धास्त झाली. हा काळ नवशिक्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षाही जोखमीचा असतो. हात-पाय सरावलेले असतात, नजर मात्र अद्याप पुरती सरावलेली नसते, आणि मनाला वाटते की आता सर्व आले. एके दिवशी ती मैत्रिणीशी बोलत, जोडीने सायकल चालवीत आली, हे आजोबांनी गच्चीवरून पाहिले. त्या संध्याकाळी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला फक्त एवढेच विचारले, “काल वाणी आळीच्या तोंडाशी एक पांढरी मोटार उभी होती. तिच्यात कोणी बसलेलं होतं का?” तिला आठवेना. उभ्या मोटारीत माणूस बसलेला असेल तर दार उघडणार, आणि मागच्या काचेतून ते माणूस दिसते. जून महिन्यातली धडक तिला आठवली. त्या दिवसापासून प्रत्येक उभ्या मोटारीची मागची काच पाहण्याची सवय तिने लावून घेतली. चाके किंचित वळलेली आहेत का, मागचा दिवा लागला आहे का, रिक्षावाला मान वाकवून पदपथाकडे पाहतो आहे का, अशी शंभर लहान चिन्हे रस्ता दाखवीत असतो. ती वाचता येऊ लागली की गर्दी पूर्वीइतकी अंगावर येत नाही, आणि अनपेक्षित म्हणून जे वाटत असे, त्यातले पुष्कळसे आधीच कळते.

गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यात शाळेत नाटकाच्या तालमी सुरू झाल्या आणि सुटण्याची वेळ अनिश्चित झाली. सकाळी निघताना मुलगी वडिलांना म्हणाली, “बाबा, तुम्ही येऊ नका. मी माझी येईन.” वडील काही वेळ थांबले, मग त्यांनी दिव्याची कळ दाबून तो लागतो की नाही ते पाहिले आणि बरे म्हणाले. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास जिन्यापाशी घंटी वाजली. आजोबा खाली आले. त्यांनी मुलीकडे पाहिले, नंतर वाकून मागचा टायर अंगठ्याने दाबला.

“हवा कमी आहे,” ते म्हणाले. “उद्या निघण्यापूर्वी भरून घे.”